डावीकडे तीन टिक

सोमवार, ३ मार्च

प्रिय बारक्या,

अकरा वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कशी करतात ते मला ठाऊक नाही. आशीर्वाद लिहावेत तर ते तू मागितलेले नाहीत, आणि नुसतंच खुशाली कळव म्हटलं तर तू कागद तिथेच फाडशील. पत्ता मावशीकडून घेतला. तिने आधी तासभर मला फैलावर घेतलं, मग दिला. तू चष्म्याच्या दुकानात काचा घासतोस, केस पांढरे झालेत आणि अजूनही जेवताना पेपर वाचतोस, एवढं तिच्याकडून कळलं. छत्तिशीत केस पांढरे? ते बाबांकडून आलंय, त्याचा दोष तरी माझ्यावर टाकू नकोस.

हे कामाचं पत्र आहे असं समज. गेल्या आठवड्यात क्लबमधली एक मुलगी तिची एअर रायफल घेऊन वर्कशॉपमध्ये आली. तिला सगळे चिमणी म्हणतात ते आवाजावरून, अंगाने चांगली दणकट आहे. तिचं म्हणणं असं की मागच्या साइटचा बाजूचा नॉब ऐकत नाही. उजवीकडे फिरवला की नॉबच्या प्रत्येक टिक आवाजाला छर्रा उजवीकडे सरकतो. डावीकडे परत आणायला गेलं की पहिले दोन-तीन टिक फुकट जातात आणि मग छर्रा एकदम उडी मारतो. तुला हे मी सांगायला नको, पण तू इतकी वर्षं रायफलला हात लावलेला नाहीस म्हणून मावशीला सांगावं तसं लिहिते: नॉबच्या टोकाला पोलादी स्क्रू, त्याच्यावर पितळी नट, नट सरकला की साइट, म्हणजे नेम धरायची चकती, सरकते. आटे झिजले की दोघांच्या मध्ये ढिलाई येते. झिजतातच कधी ना कधी. पण ही साइट दीड वर्षाची आहे आणि कंपनी म्हणते ती पंधरा वर्षं टिकते.

मी चिमणीला सांगितलं की हल्ली पितळच वाईट येतंय. मला तसंच वाटतं.

तुझी रायफल याच बनावटीची होती, म्हणून विचारते. निवड चाचणीच्या दिवशी तू टेबलाशी येऊन नेमकं काय म्हणाला होतास? मला आठवतं ते असं. पहिली फेरी झाल्यावर तू तक्रार केलीस की साइट जागेवर राहत नाही. तपासणीच्या टेबलावर मी होते. मी साइट काढून गेजवर, ती किती सरकते ते काट्याने दाखवणाऱ्या मापकावर, लावली, चिठ्ठीवर ‘साइटमध्ये दोष नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली. उरलेल्या फेऱ्या तू वाईट मारल्यास. तू खोटी तक्रार केलीस म्हणून समितीने तुझं नाव यादीतून काढलं. बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं आणि महिन्याभरात तू निघून गेलास. हे दोघांनाही पाठ आहे, उगाळत बसत नाही. मला फक्त तुझे त्या वेळचे शब्द हवेत, म्हणजे झीज किती होती याचा अंदाज येईल.

बाबा बरे आहेत. एक्याऐंशी पूर्ण झाली. गुडघे कुरकुरतात, तोंड शाबूत आहे. रोज वर्कशॉपमध्ये येतात आणि माझ्या कामाला नावं ठेवतात. तुला पत्र लिहिलंय हे त्यांना सांगितलेलं नाही.

तुझी,
ताई


शनिवार, १५ मार्च

प्रिय बारक्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी हात पुसत दारापर्यंत जायची ते जायचीच. आता तो लांबूनच मान हलवतो.

चिमणीची साइट उघडली. नटाच्या आट्यांत काळा चिकटा होता, तेल आणि धातू मिळून होतो तसा. रॉकेलने धुतला, ब्रशने घासला, पुन्हा धुतला. मग भिंगाखाली धरला तर पितळात बारीक ठिपके चमकत होते. सुईने टोकरले तरी निघेनात. आत रुतून बसले होते. तू दिवसभर घासायच्या पुडीत हात घालून बसतोस, तुझ्या लक्षात आलंच असेल.

मला यायला दोन दिवस लागले. दोन दिवस मी पितळ विकणाऱ्याला शिव्या घालत होते.

आपल्या वर्कशॉपची घोटाई आठवते ना? नवी साइट गिऱ्हाइकाला देण्याआधी स्क्रूला पेस्ट लावायची, नटातून पुढे-मागे दोनशे वेळा फिरवायचा, म्हणजे खरखर जाते आणि नॉब लोण्यासारखा फिरतो. लांबलांबून लोक त्यासाठी यायचे. दुकानात साइट विकत घ्यायची आणि आपल्याकडे घोटून न्यायची, अशी पद्धतच पडली होती. तर ती पेस्ट म्हणजेच ते ठिपके. पितळ मऊ, त्यात पूड रुतते. रुतली की नट हाच कानशीसारखा होतो आणि पोलादी स्क्रूला खात राहतो, रोज थोडा थोडा, प्रत्येक टिकाला.

म्हणजे बाबांच्या पद्धतीतच खोट होती. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. मी क्लबच्या रॅकमधल्या आणखी पाच साइट उघडल्या, पाचही तशाच. आणखी एक गंमत सांगते. आपल्या क्लबमधली मुलं नॉब कधीही सरळ हव्या त्या खुणेवर नेत नाहीत. आधी डावीकडे भरपूर नेतात आणि मग उजवीकडे मोजत आणतात. विचारलं तर म्हणतात, असंच शिकवलंय, नेमबाजीत असंच करतात. मागच्या वर्षी बाहेरून आलेला प्रशिक्षक हे बघून हसला होता, तेव्हा मलाच त्याचा राग आला होता. आता कळतंय. आमच्या झिजलेल्या आट्यांना सांभाळून घ्यायला या पोरांनी एक रीत तयार केली आणि नवीन येणाऱ्याला ती शिकवत गेली.

तू ती रीत पाळत नव्हतास. तू क्लबमध्ये आलास तेव्हा ती नव्हतीच.

खूप दमलेय. बाबांना यातलं काही बोललेले नाही. या वयात त्यांना काय सांगायचं, की तुमची घोटाई चुकीची होती म्हणून?

ताई


गुरुवार, २७ मार्च

बारक्या,

मागच्या पत्रात मी बाबांवर ढकललं. ते चूक होतं.

परवा दुपारी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते डब्यातले वॉशर लहान-मोठे निवडत बसले होते.

“बाबा, तुम्ही घोटायला काय वापरायचात?”

“खडू.”

“नुसता?”

“खडूची पूड आणि शिवणयंत्राचं तेल. का? तू काय वापरतेस, साखर?”

“खडूच का?”

“खडू घासता घासता स्वतःच मोडतो. काम झालं की संपला. मागे काही ठेवत नाही.” मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “हे तुला मी सांगायचं? तीस वर्षं शेजारी बसलीस ना?”

बसले होते. बघतही होते. पण खडूने एक स्क्रू घोटायला अख्खी दुपार जायची. मनगट भरून यायचं. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायला जी पेस्ट मिळते ती मी एकदा मोटार-मेकॅनिककडून आणली आणि तेच काम अर्ध्या तासात झालं. नॉब तसाच मऊ फिरत होता. बाबांना वाटलं माझा हात बसला. शाबासकी दिली, चार लोकांना सांगितलं की पोरगी माझ्यापेक्षा झटपट घोटते. मी काही बोलले नाही. मेकॅनिकचा डबा मी मागच्या फळीवर रंगाच्या डब्यांमागे ठेवत होते, यावरून तुला काय समजायचं ते समज. इंजिनाच्या पेस्टमधली पूड कठीण असते, ती मोडत नाही. मोडत नाही म्हणून तर काम लवकर होतं.

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची. तुझी साइट मी घोटली ती त्यानंतर.

आता काय करतेय ते सांगते. धुऊन उपयोग नाही हे कळल्यावर सगळे पितळी नट काढून टाकायचं ठरवलं. कठीण काशाची सळई आणली. लेथवर रोज चार नट उतरवते, आटे पाडते, स्क्रू कंपनीचे नवे. घोटाई नाही. साबणाच्या पाण्याने धुवायचं, वंगणाचा एक थेंब, आणि हाताने, पेस्टशिवायच, दोनशे वेळा फिरवायचा. खरखरतो थोडा. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतात. “ताई, पूर्वीसारखा नाही फिरत हो.” मी म्हणते, पूर्वीसारखा नकोच आहे. एकूण सदतीस साइट आहेत. बारा एप्रिलला निवड चाचणी आहे, त्याआधी सगळ्या व्हायला हव्यात. आज एकोणीस झाल्या. उजव्या अंगठ्याची कातडी गेली आहे म्हणून अक्षर असं.

तुझ्या साइटबद्दल एवढंच सांगते. त्या दिवशी मी ती प्रामाणिकपणे तपासली होती. पण गेजवर नॉब फक्त उजवीकडे फिरवून पाहिला. उजवीकडे प्रत्येक टिकाला काटा बरोबर सरकत होता. ढिलाई दिशा बदलल्यावरच कळते, आणि ते त्या घाईत माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या पेस्टमुळे तुझं नुकसान झालं. मला माफ कर असं लिहायला जीभ अडखळते, पण लिहिते. माफ कर.

ताई


बुधवार, २ एप्रिल

बारक्या,

मागचं पत्र पोस्टात टाकलं आणि परत येताना रस्त्यावर उभी राहिले. वाटलं पेटीत हात घालून काढून घ्यावं. इतकी पानं खरं लिहिलं आणि शेवटी पुन्हा खोटं.

मी नॉब डावीकडे फिरवला होता.

उजवीकडे दहा टिक बरोबर आले. मग परत आणायला सुरुवात केली. एक टिक, काटा हलला नाही. दुसरा, नाही. तिसरा, नाही. चौथ्याला हलला. मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. पेस्टचं कळलं नव्हतं, पण साइटमध्ये ढिलाई आहे आणि तू खरं बोलतोयस हे कळलं. आणि मी पेन उचललं आणि ‘दोष नाही’ असं लिहिलं.

का, ते मी स्वतःला अकरा वर्षं वेगवेगळं सांगत आले. सगळ्यांत आवडतं कारण असं की दोष आहे म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, भाऊ म्हणून बाजू घेतली. हे कारण ऐकायला बरं वाटतं. त्यात मी कडक आणि न्यायी दिसते. खरं कारण असं की मी घाबरले. त्या टेबलावर बसून मला चार महिने झाले होते. माझ्याआधी तिथे बाई बसली नव्हती आणि समितीचे सचिव रोज सकाळी विचारायचे, “जमेल ना बाई?” त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या तीसेक रायफलींच्या साइट माझ्या हातच्या होत्या. तुझ्या साइटला दोष म्हटलं की पुढच्याने त्याची उघडायला लावली असती. मग त्याच्या पुढच्याने. चाचणी रद्द, टेबल गेलं, वर्कशॉपचं नाव गेलं. हे सगळं तीन टिकांमध्ये माझ्या डोक्यात येऊन गेलं. माणसाचं डोकं भीतीच्या वेळी किती चालतं बघ, एरवी साधा हिशेब जुळत नाही.

आणि वाटलं, तू सावरशील. तू नेहमी सावरायचास. अवघड वाऱ्यातही तुझा हात हलत नसे, मग तीन टिकांची काय कथा.

तरीही तेवढ्यावर थांबले असते तर निदान एकच खोटं झालं असतं. संध्याकाळी बाबांनी मला स्वयंपाकघरात विचारलं, “तू तपासलीस ना? खरं काय?” तू दारात उभा होतास. मी भाजी चिरत होते. मी मान वर न करता म्हटलं, “दोष नव्हता, बाबा.” बाबा तुझ्याकडे वळून म्हणाले, “हरलास त्याचं काही नाही. पण स्वतःची चूक बहिणीच्या कामावर ढकललीस?” त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत. तू एक शब्द बोलला नाहीस. मी चिरतच राहिले, इतकी भाजी त्या घरात कुणी खाणार नव्हतं.

त्या एका शब्दाची मी रोज वाट बघायचे. तू भांडशील, आरडाओरडा करशील, म्हणशील की ताई खोटं बोलतेय. म्हणाला असतास तर कदाचित मी कबूल केलं असतं. बघ, अजूनही तुझ्यावरच ढकलतेय.

बाबा एक्याऐंशीचे आहेत. त्यांना वाटतं त्यांचा मुलगा खोटारडा निघाला. हे असंच मनात ठेवून ते गेले तर ते मी केलेलं असेल. साइट सदतीसच्या सदतीस बदलता येतात. याला मात्र दिवस मोजकेच उरलेत. मी त्यांना सांगणार आहे. कधी, ते नक्की लिहिता येत नाही, कारण रोज सकाळी ठरवते आणि रोज त्यांच्यापुढे चहा ठेवून परत येते.

ताई


रविवार, १३ एप्रिल

बारक्या,

झालं सगळं. क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होतो.

काल चाचणी होती. सुरू व्हायच्या आधी मी सचिवांच्या खोलीत गेले. तेच आहेत, आता काठी लागते. त्यांच्या हातात लेखी दिलं: अकरा वर्षांपूर्वीची माझी चिठ्ठी खोटी होती, मला दोष दिसला होता, तक्रार करणारा नेमबाज खरं बोलत होता. त्यांनी दोनदा वाचलं.

“आता कशाला उकरून काढता बाई? कुणाला आठवतंय?”

मी म्हटलं, “ज्याला आठवायचं त्याला आठवतंय.”

“तुम्हाला टेबल सोडावं लागेल.”

“पाकिटात दुसराही कागद आहे, राजीनाम्याचा.”

गंमत म्हणजे, एरवी रोज ‘जमेल ना’ विचारणारा माणूस काल म्हणाला, “तुमच्यासारखं काम आता कोण करणार?” अकरा वर्षांनी शाबासकी मिळाली, तीही अशी. त्यांनी जुनी नोंदवही मागवली. तुझ्या नावापुढचा ‘खोटी तक्रार’ हा शेरा माझ्यासमोर खोडला, बाजूला दुरुस्ती लिहिली, तारीख घातली. नकलेचा कागद सोबत पाठवतेय. त्याने तुझं काही परत येत नाही हे मला कळतं.

टेबलावर काल दुसरा माणूस बसला. मी प्रेक्षकांत. सदतीस साइट दोन्हीकडे फिरवून तपासून घेतल्या, एकीतही ढिलाई नव्हती. चिमणी पाचवी आली, निवड चौघांचीच. मला वाटलं आता रडेल. तर बाहेर येऊन म्हणते, “काकू, साइट एक नंबर होती, हात माझाच हलला,” आणि बिस्किटाचा पुडा फोडून खात बसली. मला तिचा हेवा वाटला. स्वतःचा हात हलला हे तिला नक्की माहीत होतं. तुला तेवढंसुद्धा मी मिळू दिलं नाही.

आज सकाळी बाबांना सांगितलं. वर्कशॉप बंद असतं रविवारी, पण ते येतात. समोर स्टूल घेऊन बसले आणि सगळं सांगितलं. पेस्ट, तीन टिक, स्वयंपाकघर.

ते म्हणाले, “परत सांग.”

परत सांगितलं.

“म्हणजे तो खरं बोलत होता.”

“हो.”

“आणि तुला ते तिथेच कळलं होतं.”

“हो, बाबा.”

हातातला वॉशर त्यांनी एकदा बोटावर फिरवला. मग म्हणाले, “मग मी एवढी वर्षं अबोला धरला तो कुणाशी?”

ते उठले, लेथचा मेन स्विच बंद केला, चालू नसताना, आणि घरी गेले. मी मागे गेले तर हातानेच थांब म्हणाले. आता पुढच्या खोलीत खिडकीशी बसलेत. जेवले. जेवताना शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांना म्हणाले, “हिला सांगा, मीठ कमी आहे.” मी हातभर अंतरावर होते.

म्हणजे आता माझी पाळी. तुझ्या जागी बसून बघतेय कसं वाटतं ते. फार वाईट वाटतं रे.

ताई


शुक्रवार, २ मे

बारक्या,

तुझं पत्र सोमवारी आलं. पोस्टमनने लांबूनच हात उंचावून दाखवलं, मान हलवली नाही. मी ते चार दिवसांत इतक्यांदा वाचलं की तोंडपाठ झालंय. तरी इथे उतरवून काढते, कारण तू लिहिलेलं मला माझ्या अक्षरात बघायचंय:

“ताई, डावीकडे तू चार टिक फिरवलेस. पहिल्या तिनांना काटा हलला नाही. मी टेबलाच्या पलीकडे उभा होतो. गेज मला उलटं दिसत होतं, पण काटा हलत नाही हे उलट्या बाजूनेही दिसतं. तू पेन उचललंस तेव्हा मला वाटलं दोष लिहिणार. स्वयंपाकघरात वाटलं, आता सांगेल. मग मी बाबांना सांगायचं ठरवलं आणि नाही सांगितलं. त्यांनी तुलाही घराबाहेर काढलं असतं. आई गेल्यावर ते एकटे राहू शकत नाहीत हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. कुणीतरी एकाने त्यांच्याजवळ राहायला हवं होतं आणि वर्कशॉप तुला येत होतं, मला नाही. मला थोर वगैरे समजू नकोस. मला तुझा राग आहे. रोज येत नाही, पण आला की दोन-तीन दिवस जात नाही. बाबांची तब्येत कळव.”

मला वाटत होतं तू हरलास म्हणून गेलास. मग वाटायचं बाबा बोलेनात म्हणून गेलास. तू मला बघितलं होतंस हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. अकरा वर्षं मी एकटीच ते ओझं वाहतेय असं धरून चालले होते, त्याचा मनातल्या मनात थोडा अभिमानही होता बघ. आणि तू तिकडे काचा घासत दोघांचं वाहत होतास. मला लाज वाटते, बारक्या. दुसरा शब्द नाही त्याला.

राग असू दे. तो गेला नाही तरी चालेल. मी तो जावा म्हणून काही लिहीत नाही.

बाबांच्या तब्येतीचं विचारलंस. पाय सुजतात. डॉक्टर म्हणाले जिने नकोत, म्हणून आता वर्कशॉपला येत नाहीत. मीही फार वेळ उघडत नाही, कामं कमी झालीत. पूर्वीसारखा मऊ नॉब हवा असलेली गिऱ्हाइकं गेली, उरली ती थोडी आहेत पण समजूतदार आहेत. बाबा माझ्याशी अजून बोलत नाहीत. काकू दोन दिवस गावाला गेल्या तेव्हा मात्र पंचाईत झाली. मग भिंतीकडे बघून म्हणाले, “कुणीतरी पंखा लावा.” मी लावला.

तुझं पत्र मी त्यांच्यासमोर ठेवलं आणि बाहेर गेले. परत आले तर चष्मा काढून बसले होते. पत्र खिशात घातलं होतं, ते अजून दिलेलं नाही. काल सकाळी काकूंच्या तोंडून निरोप आला की त्याला पत्र लिहिशील तेव्हा खाली जागा सोड. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. तर नाही म्हणून मान हलवली. हात फार कापतो त्यांचा, घोट घ्यायला कप दोन्ही हातांनी धरतात. तरी पाटी मांडीवर घेऊन बसलेत आणि मी कागद कधी देते याची वाट बघतायत.

म्हणून माझं इथे थांबवते. यापुढचं त्यांचं आहे. मी वाचणार नाही, त्यांनाच पाकीट चिकटवायला सांगणार आहे.

ताई


बाळा,

मी तुझं ऐकून घेतलं नाही. विचारलं ते तिला, तुला विचारलंच नाही. बाप म्हणून ते माझ्याकडून चुकलं.

तिच्यावर तू रागावू नकोस. ते मी बघतो.

तू ये.

बाबा